डेकचे बोर्ड वाकले आणि डीलर म्हणतो फिटिंगची चूक

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. रो हाऊसच्या मागच्या बागेत मागच्या डिसेंबरमध्ये १८० स्क्वेअर फूट डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) बोर्डचा डेक टाकला, बोर्ड २६० रुपये फुटाने पुण्याच्या डीलरकडून, फिटर डीलरनेच सुचवलेला पण त्याचे ६० रुपये फुटाने पैसे वेगळे. एप्रिलच्या उन्हात बोर्ड मधून उचलले, दोन क्लिपा तुटल्या. डीलर म्हणतो वॉरंटी बोर्डची आहे फिटिंगची नाही, फिटर म्हणतो बोर्डच हलके. पक्कं बिल नाही, नुसतं एस्टिमेट. काही करता येईल का, आणि कमी बजेटमध्ये परत घ्यायचं तर काय बघायचं?

ताई, करता येईल. पण तुम्ही जे पत्राच्या सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंय ना, की दुकानात दाखवलेला तुकडा भरीव होता आणि टेम्पोतून उतरले ते पोकळ बोर्ड, तुमच्या केसमधला सगळ्यात दमदार मुद्दा तोच आहे आणि तोच तुम्ही तळाला टाकलाय. मिस्टरांना दाखवायला दुकानात काढलेला तो फोटो जपून ठेवा, डिलीट करू नका, मूळ फोनमध्येच राहू द्या. सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम १७ सांगतं की नमुना दाखवून माल विकला तर सगळा माल त्या नमुन्याच्या दर्जाचा पाहिजे. आता डीलर म्हणेल, माल उतरवून घेतला, बसवून टाकला, तेव्हा का नाही बोललात? त्यात थोडा दम आहे, माल स्वीकारल्यावर त्या कायद्याखाली सहसा भरपाईच मागता येते, माल परत घे म्हणता येत नाही. म्हणून मी तुम्हाला दिवाणी कोर्टात पाठवणार नाही, ग्राहक आयोगात जा, तिथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली दोष काढून द्या, माल बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या असे सगळे आदेश होऊ शकतात.

इथे एक चूक लोक हमखास करतात. या नवीन कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी, आलीय म्हणून तक्रारीत तेच ठोकून देतात. पण २०१९ च्या कायद्यात त्यासाठी जी 'हानी' लागते, तिच्यात वस्तूचं स्वतःचं नुकसान धरतच नाहीत. बोर्ड तुटून कुणाचा पाय मोडला असता तर गोष्ट वेगळी. तुमची तक्रार साधी ठेवा: सदोष माल, आणि अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं ही कायद्यानेच अनुचित प्रथा म्हटलीय, त्यामुळे 'बिल नको, जीएसटी वाचेल' हा डीलरचा मेसेज आता त्याच्याच गळ्यात आहे. तुम्हीही तेव्हा हो म्हणालात, ते समोरचा वकील काढेलच, पण त्याने तुमचं ग्राहकपण जात नाही. जीपेची एन्ट्री आणि एस्टिमेट खरेदीचा पुरावा म्हणून चालतील.

आता तुमची कमकुवत बाजू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बोर्डखालच्या सपोर्टच्या पाइपांमधलं अंतर दोन फूट दिसतंय. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, उन्हात प्लास्टिक प्रसरण पावतं आणि मऊ पडतं, म्हणून खालचे सपोर्ट साधारण १२ ते १४ इंचांवर लागतात आणि टोकाला काही मिलिमीटर गॅप सोडावी लागते. तुमच्याकडे बोर्ड भिंतीला टेकलेत. म्हणजे फिटिंगही चुकलंय, हे नाकारून उपयोग नाही. पण मग प्रश्न येतो फिटर कुणाचा. पैसे वेगळे दिले म्हणून डीलर सुटत नाही, त्याने व्हॉट्सॲपवर नंबर पाठवला, रेट त्याने ठरवला, 'आपलाच माणूस आहे' असं लिहिलं, आणि फिटिंगच्या सूचनांचा कागद कधी दिला नाही. म्हणून तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पार्टी करा, एकमेकांवर ढकलू दे त्यांना आयोगासमोर. चॅटची प्रिंट लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते सर्टिफिकेट जोडा.

दहा वर्षांच्या वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नका. तुम्ही पाठवलेलं ब्रोशर मी नीट वाचलं, वॉरंटी वाळवी आणि कुजण्याची आहे, वाकणं आणि रंग उडणं बारीक अक्षरात वगळलंय.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यावर डीलर नरमतो. मग स्पीड पोस्टने नोटीस, १५ दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार, तुम्ही राहता तिथे दाखल करता येते, पुण्याला खेपा मारायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि खरं सांगू, ५७,६०० रुपयांच्या केसला वकिलाची फी परवडणारही नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं, ती सेफ साइडला खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, टेस्टिंग असेल तर पाच, पण प्रत्यक्षात जास्त लागतो, तेवढी तयारी ठेवा. गॅरेजमध्ये उरलेले चार बोर्ड आहेत म्हणालात, ते कुणाला देऊ नका, आयोग कलम ३८ खाली नमुना लॅबला पाठवू शकतो. लॅबचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल.

नव्याने घ्यायचं तर माझं मत सरळ आहे: बजेट कमी असेल तर डेक लहान करा, बोर्ड हलका करू नका. १८० ऐवजी शंभर फूट भरीव बोर्ड, वर कोटिंगचा थर असलेला मिळाला तर उत्तम. बिलावर भरीव की पोकळ, जाडी-रुंदी मिलिमीटरमध्ये, कोटिंग आहे का, वॉरंटी नेमकी कशाची, हे लिहून घ्या, आणि बोर्ड-क्लिपा-सांगाडा-फिटिंग एकाच पार्टीच्या एकाच बिलात. जीएसटीचे पैसे जातील, जाऊ द्या. बोर्डचा एक तुकडा मात्र विकणाऱ्याची सही घेऊन स्वतःकडे ठेवा.

आणि पावसाळ्याआधी जुना डेक उखडायची घाई आहे तुम्हाला, समजतंय, पण नोटिशीत डीलरला येऊन पाहणी कर म्हणून तारीख द्या, ती गेल्यावर टेप लावून प्रत्येक पाइपचं अंतर, प्रत्येक वाकलेला बोर्ड फोटो-व्हिडिओत घ्या, शेजारच्यांपैकी दोघांच्या सहीने पंचनामा करा, मगच हात लावा.