घड्याळात १८ मिनिटं होती ना?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. दीड वर्ष ऑनलाइन गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी एकमेकांना घेरायचा बोर्डवरचा खेळ) खेळतोय, साधारण १५ क्यू, म्हणजे नवशिक्याच्या थोडा वरच्या दर्जाचा, असेन. मागच्या रविवारी वाशीला एका हॉलमधे हौशी खेळाडूंची टूर्नामेंट होती, पहिल्यांदाच समोरासमोर बसून खेळलो आणि ४ पैकी ३ डाव हरलो. तिसरा फार लागला. मी काळा, चांगला चाललो होतो, खाली डावीकडून लॅडर सुरू केली आणि ती फसली, कारण वर उजव्या कोपऱ्यात चार-चारवर (दोन्ही कडांपासून चौथ्या रेषेवर) त्याची पांढरी सोंगटी होती ती मला दिसलीच नाही. घड्याळात माझी १८ मिनिटं तशीच शिल्लक. घरी येऊन आठवेल तसा डाव काटागोला (गो खेळणारा, चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) दिला तर चुकलेल्या चालींवर नुसते लाल ठिपके, सुरुवात कुठून करू तेच कळेना. पुढच्या टूर्नामेंटला जाऊ की सहा महिने प्रॅक्टिस करू?

उत्तर: जा रे, सहा महिने कशाला थांबतोस! तुझ्या पत्रात मला लॅडरपेक्षा ती १८ मिनिटंच जास्त खटकली.

ज्यांना गो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लॅडर म्हणजे समोरच्याच्या सोंगटीला एकच मोकळी जागा ठेवायची, यालाच अतारी म्हणतात, तो एक घर पळतो, आपण परत अतारी देतो, असं पायरी पायरीने तिरपं बोर्डच्या दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कड आली की तो सापडला. पण वाटेत त्याची एक जरी सोंगटी असली तरी तो तिला जाऊन मिळतो आणि सुटतो, मग मागे आपल्या दहा-बारा सोंगट्या सुट्या सुट्या पडलेल्या असतात आणि तो एका चालीत दोन दोन ठिकाणी अतारी देत सुटतो. म्हणून सगळंच गेलं.

आता बघ, हे तुला माहीत होतं. ती पांढरी सोंगटी कोपऱ्यात कधीपासून होती? बहुतेक त्याच्या पहिल्याच चालीपासून. म्हणजे ज्ञान कमी पडलं नाही, डोळ्याआधी हात गेला. ऑनलाइन क्लिक करायची सवय असली की असं होतंच, मी खूप जणांचं बघितलंय. यावर एकच कर, चाल ठरेपर्यंत सोंगट्यांच्या वाटीत हात घालायचा नाही. हात मांडीवर. लॅडर असेल तर आधी नजरेने ती तिरपी वाट समोरच्या कोपऱ्यापर्यंत चालून यायची, मगच सोंगटी उचलायची.

काटागो वाईट नाही, फुकट आहे, ताकदवान आहे, पण ते चूक कुठे ते दाखवतं, तू त्या क्षणी काय विचार करत होतास ते त्याला कुठून कळणार? त्यासाठी समोरच्याशी बोलायचं. डाव संपला की "पाच मिनिटं बघूया का?" म्हणायचं, गोमधे ही रीतच आहे, कोणी नाही म्हणत नाही. २०१६ च्या मार्चमधे सोलला कोरियाचा अव्वल गो खेळाडू ली सेडोल अल्फागो या कॉम्प्युटर प्रोग्रॅमशी पाच डावांतले पहिले दोन डाव हरला तेव्हा त्यानेही मित्र खेळाडूंना हॉटेलच्या खोलीत बोलावून रात्रभर डाव परत परत लावून बघितले होते. तिसराही हरला, पण चौथा जिंकला, ७८ व्या चालीच्या जोरावर. शेवटी ४-१ ने हरला ते वेगळं.

काटागो त्यानंतर उघड, आणि सगळ्यात मोठी घसरण झालेल्या तीनच चाली बघ. ओपनिंगमधले एक-दोन पॉइंटचे ठिपके सोडून दे, १५ क्यूला त्याने डाव जात नाही.

आणि डाव आठवायला घरी पोचेपर्यंत थांबू नकोस. वाशीहून ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकलने साधारण अर्धा तास लागतो, खिडकी मिळाली नाही तरी वहीत पहिल्या ४०-५० चाली उतरवून होतात. तिसऱ्या डावाची ती वही मला पाठव, लॅडरच्या आधीच्या दहा चाली मला बघायच्यात.