ख्रिस्ती लिबरल आर्ट्स कॉलेज खरंच ख्रिस्ती आहे हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात चॅपलची, म्हणजे प्रार्थनासभेची, हजेरी सक्तीची आहे, प्राध्यापक श्रद्धापत्रावर, म्हणजे आपण काय मानतो त्याच्या लेखी कबुलीवर, सही करतात, मग एवढं पुरे ना? माझ्या मते नाही. हार्वर्डमध्ये १८८६ पर्यंत चॅपल सक्तीचं होतं. हजेरी घेता येते, श्रद्धा नाही.

मी अशाच एका कॉलेजात शिकलो. जीवशास्त्राचे सर प्रार्थना करून तास सुरू करायचे आणि उत्क्रांतीचं प्रकरण आलं की म्हणायचे, "हे परीक्षेपुरतं वाचा." साहित्याच्या बाई मात्र वर्गात कधी प्रार्थना करताना दिसल्या नाहीत. माझ्या वर्गमित्राने निबंधात लिहिलं की बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे निर्दोष असून हाल सोसणाऱ्या माणसाच्या, गोष्टीतला देव सरळसरळ अन्यायी आहे. आम्हाला वाटलं, गेला हा. बाईंनी समासात लिहिलं, "ईयोबही हेच म्हणतो. तो तरी देवाशी बोलत राहतो. तू मध्येच का थांबलास?" आणि निबंध परत लिहायला दिला. मला ख्रिस्ती शिक्षण म्हणजे काय ते त्या समासात कळलं. सृष्टी देवाची असेल तर तिच्यातलं कुठलंही सत्य तपासायला भ्यायचं कशाला?

दुसरी खूण म्हणजे श्रद्धेपायी कॉलेजने काय सोसलं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज घ्या. गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ मध्ये ते सुरू केलं. देवाने पृथ्वीवरचे सगळे लोक एकाच रक्ताचे केले, हे त्याचं ब्रीद. यादवी युद्धानंतर तिथे काळी-गोरी मुलं एका बाकावर बसू लागली. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून हे एकत्र शिकणं बंद पाडलं. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. मग काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी शाळा काढायला पैसे गोळा केले. (अगदी संतांचं कॉलेज होतं असंही नाही, कायद्याच्या आधीच अध्यक्ष फ्रॉस्ट यांचा कल डोंगराळ भागातल्या गोऱ्या मुलांकडे झुकला होता.) १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावर काळ्या विद्यार्थ्यांसाठी दारं पुन्हा उघडली. शिकवणी फी तिथे १८९२ पासून नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजातच काम करावं लागतं. हे कॉलेज कुठल्याही एका पंथाला बांधलेलं नाही, हेही ध्यानात घ्या.

श्रद्धापत्र निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. काहीच धरून ठेवलं नाही तर कॉलेज हळूहळू नावापुरतं ख्रिस्ती उरतं, याचे दाखले ढीगभर आहेत. पण सही कसली आणि तिचा वापर कशासाठी, ते बघा. ती घरच्यांची ओळख असते की पहारेकऱ्याची काठी?

कॉलेज बघायला जाल तेव्हा चॅपलचं वेळापत्रक मागू नका. मुलांना गाठा आणि विचारा, शंका आली तर कोणाच्या खोलीवर जाता? नावं पटापट आली तर बरं. जमलंच तर सफाईवाल्या बाईंना विचारा, इथल्या किती प्राध्यापकांना तुमचं नाव माहीत आहे.