पॅन्क्रियाटायटिसनंतर भाऊ घरी आलाय, आता पुढे काय?

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न वाचले. भाऊ ३८ वर्षांचा, पॅन्क्रियाटायटिसने, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेने, आठ दिवस इस्पितळात काढून परवा डिचोलीला घरी आला. कारण दारू, पित्ताशयात खडे नाहीत, आणि सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या बाजूला 'पाणी साठलंय' असं लिहिलंय. तुम्ही विचारता, तो बरा झाला का, त्याला जेवायला काय द्यायचं, आणि मार्चात हुर्राक निघाला की एखादा ग्लास चालेल का.

मी डॉक्टर नाही. पण हे दुखणं मी दोनदा काढलंय, आणि त्यानंतरची आठ वर्षंही. उत्तर शेवटच्या प्रश्नापासून देतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

नाही चालणार. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, फेणीपेक्षा सौम्य, म्हणून आमच्याकडे त्याला कोणी दारूत धरतच नाही. लिंबू-मीठ घातलं की ते सरबत! स्वादुपिंडाला मात्र हा फरक कळत नाही. पहिल्या अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला पुन्हा अटॅक येतो आणि दहातल्या एकाचं दुखणं कायमचं होतं. अटॅक परत परत येत राहिले तर हे कायमचं होण्याचं प्रमाण तिघांत एकापर्यंत जातं. दारू सुरू ठेवणारे यात पुढे असतात, आणि सिगारेट-बिडी ओढणारेही. धूम्रपानाचं सहसा कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर 'दारू बंद' म्हणतात, भाऊही मान हलवतो. तेवढ्याने भागत नाही. फिनलंडमध्ये अशा रुग्णांशी नर्सने दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बसून बोलायचं ठरवलं, तर एकदाच समजावलेल्यांपेक्षा त्यांचे अटॅक कमी झाले. म्हणजे उपदेश एकदा करून उपयोग नाही, कोणीतरी मागे लागून राहावं लागतं. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे गोव्याच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात, व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. तिथे जायला लोक लाजतात, कारण 'वेड्यांचं इस्पितळ' हे नाव अजून तोंडातून जात नाही. माझ्या बाजूच्या खाटेवरचा माणूस लाज सोडून गेला, त्याला नंतर पुन्हा वॉर्डात यावं लागलं नाही.

माझं कारण वेगळं होतं, खडे. पहिल्या वेळी सहा दिवसांत पोट शांत झालं. पित्ताशय काढायचा विषय निघाला तेव्हा 'चतुर्थी होऊ दे' असं मीच म्हणालो. चतुर्थीला नेवऱ्या झाल्या, खतखतें झालं, आणि पाचव्या दिवशी मी पुन्हा आत. या वेळी सतरा दिवस, त्यातले चार आयसीयूत. ज्यांच्या घरी खड्यांमुळे हे झालंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: अटॅक सौम्य असेल तर पित्ताशय शक्यतो त्याच मुक्कामात काढून घ्यावं, हीच आता रीत आहे. आजूबाजूला पाणी साठलं असेल तरच डॉक्टर काही आठवडे थांबतात.

आता त्या 'पाण्या'बद्दल. पहिल्या चार आठवड्यांत ते नुसतं साठलेलं पाणी असतं आणि बहुतेकांचं आपोआप जिरतं. त्यापुढे टिकलं तर त्याला भिंत येते, मग त्याला स्यूडोसिस्ट म्हणतात. तेव्हाही ते किती सेंटिमीटर आहे यावर घाबरू नका. त्रास देत नसेल तर त्याला हात लावत नाहीत. त्रास झाला तर आता बऱ्याचदा तोंडातून दुर्बीण घालून ते पोटाच्या आतच वाट करून काढतात, पोट फाडावं लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी मात्र चुकवू नका. मध्येच ताप-थंडी, डोळे पिवळे, काळं शौच, दोन घास खाल्ले की पोट भरून ओकारी, किंवा पाठीत जाणारी तीच कळ आली, तर सकाळ उजाडायची वाट बघू नका.

बरा झाला का? पोट दुखायचं थांबलं, एवढंच आता म्हणता येईल. लायपेज-अमायलेज (स्वादुपिंडातली पाचक एन्झाइम्स, रक्तात मोजतात) पुन्हा पुन्हा तपासून पैसे घालवू नका. ते निदानापुरतं असतं, आकड्यावरून दुखणं किती मोठं होतं तेही कळत नाही. त्यापेक्षा साखर बघा. इन्सुलिन स्वादुपिंडातच तयार होतं, आणि पहिल्या वर्षात साधारण सातातल्या एकाला नव्याने मधुमेह निघतो. अटॅक सौम्य असला तरी. माझा दोन वर्षांनी कळला. तहान फार लागायची, मी म्हणायचो मे महिना आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करा, मग दरवर्षी. साखर निघालीच तर डॉक्टरांना स्वादुपिंडाची हकीकत आधी सांगा. हा नेहमीचा मधुमेह नसतो, काही गोळ्या यात टाळतात.

दुसरी गोष्ट बोलायला संकोच वाटतो, पण बोला. शौच तेलकट, चिकट, वर तरंगणारं, दोनदा पाणी ओढूनही न जाणारं होत असेल आणि वजन उतरत असेल, तर चरबी पचवणारी एन्झाइम्स कमी पडताहेत. शौचाची इलास्टेज तपासणी असते, आणि उपाय म्हणजे कॅप्सूल. ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, मोठं जेवण असेल तर मध्ये दुसरी, चावायची नाही. मी सहा महिने ती जेवणानंतर गरम चहासोबत घेत होतो आणि गुण नाही म्हणून औषधाला नावं ठेवत होतो. (ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.)

जेवणाचं थोडक्यात सांगतो. तुमच्या सासूबाई म्हणतात तशी सहा महिने नुसती पेज देऊ नका, त्याने माणूस खंगतो. आधीच मांस झडलेलं असतं, त्याला प्रथिनं हवीत: मूग, ताक, अंड्याचा पांढरा भाग, मुडदुशीसारखी हलकी मासळी. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. तळलेलं बंद, हुमणात नारळ कमी. नारळ जन्मभर सोडायला कोणी सांगत नाही. थकवा काही आठवडे राहील, त्याला आळशी म्हणू नका.

एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १०००च्या वर गेलं तर नुसत्या त्यानेही हे दुखणं होतं, आणि दारूने ते चढतं. मग दारू सोडूनही गोळी आणि कमी तेलाचं जेवण चालू ठेवावं लागतं. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर तो आकडा आहे का, बघून इथे लिहा.