८० हजारांचा स्टोरेज कोर्स आणि चिपचं वेड असलेली लेक

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी शिरपूरला ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांच्या ‘स्टोरेज अ‍ॅडमिन’ कोर्सचे ८० हजार मागतो, नोकरीची हमी देतो. तिचा मामा आयटीत आहे. तो म्हणतो, सगळं क्लाउडवर गेलं, स्टोरेजमध्ये आता काही राहिलं नाही. पोरीला मात्र मेमरी चिपचं वेड आहे, गुजरातेतल्या साणंदच्या मायक्रॉन या मेमरी चिप कंपनीबद्दल सारखं बोलत असते. पैसे भरू का?

उत्तर :

नमस्कार भाऊ,

पैसे भरू नका. पण पोरीला या वाटेवरून मागेही ओढू नका.

आधी मामांचं म्हणणं घेऊ. क्लाउडवर ठेवलेला डेटा हवेत नसतो, तो ऐरोली-महापेसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये, रॅकमध्ये बसवलेल्या डिस्कवर असतो. म्हणजे स्टोरेज संपलेलं नाही, त्याची जागा बदलली आहे. तरी मामांच्या बोलण्यात तथ्य आहे. पूर्वी प्रत्येक बँक, प्रत्येक मोठा कारखाना स्वतःची स्टोरेज यंत्रणा बाळगायचा आणि त्यातून जागा कापून द्यायला, लन (सर्व्हरला दिलेला डिस्कचा वाटा) बनवायला, झोनिंग (कुठल्या सर्व्हरला कुठली डिस्क दिसेल ते ठरवणं) करायला माणूस लागायचा. बँकांमध्ये हे काम आजही आहे, पण त्यातला बराच भाग आता स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम करतो. आणि तुमच्या पत्रासोबतचा अभ्यासक्रम पाहिला, तर तो क्लास नेमकं हेच काम शिकवतो, तेही एकाच कंपनीच्या मशीनवर. जे काम आटत चाललंय त्यासाठी ८० हजार कशाला?

आता पोरीच्या वेडाकडे येतो, कारण खरा जीव तिथे आहे. फ्लॅश मेमरी म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप. तिच्यात सेल नावाच्या बारीक कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती ठेवतात. सुरुवातीला एका सेलमध्ये एक बिट (० किंवा १) असायचा, म्हणजे भाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या. आजच्या क्यूएलसी प्रकारात एका सेलमध्ये चार बिट असतात, म्हणजे सोळा पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. सॅमसंगने २०१३ मध्ये सेल एकावर एक रचलेली २४ थरांची उभी रचना बाजारात आणली, आता थर तीनशेच्या पुढे गेले आहेत आणि एकेक एसएसडी (फ्लॅश चिपची बनलेली ड्राइव्ह) शंभर टेराबाइटच्या पुढे पोचली आहे. पण जागा वाढली तसा सेल नाजूक झाला. लिहून-पुसून तो झिजतो, शिवाय फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे सेलचा मोठा गट पुसावा लागतो. कुठे लिहायचं, झीज सगळीकडे सारखी कशी वाटायची, चुकलेला बिट कसा दुरुस्त करायचा, हे सगळं ड्राइव्हच्या आतलं फर्मवेअर (ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर) ठरवतं. ते लिहिणारी आणि तपासणारी माणसं लागतात. ई अँड टीसीच्या मुलीला ही जागा साजेशी आहे, कारण तिला सर्किटही कळतं आणि सी भाषाही येते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही याच्याशी संबंध आहे. मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची मर्यादा संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांवर निदान एक वर्ष डेटा सांभाळायला हवा. एंटरप्राइझ, म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हरमधल्या एसएसडीसाठी ही मुदत ४० अंशांवर तीनच महिन्यांची आहे, कारण ती कपाटात ठेवायची वस्तूच नाही, चोवीस तास चालायची आहे. भुसावळच्या ४५ अंशांत जुनी एसएसडी कपाटात टाकून बॅकअप झाला असं समजणाऱ्या दुकानदारांची मला काळजी वाटते. लाइट गेली की काय होतं, हाही असाच प्रश्न. चांगल्या एंटरप्राइझ ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात, ते वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती शक्ती देतात. साध्या ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. असे प्रश्न जिला पडतात तिला मुलाखतीत वेगळं बोलता येतं.

साणंदबद्दल एक गोष्ट तिला स्पष्ट सांगा. २०२३ मध्ये जाहीर झालेला तो प्रकल्प चिपच्या जुळणीचा आणि चाचणीचा आहे. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर मेमरी घडवण्याचं काम तिथे होत नाही. चाचणीचं काम कमी दर्जाचं मुळीच नाही, आणि सुरत लाइनने अहमदाबाद आपल्याला बंगळूरपेक्षा पुष्कळ जवळ पडतं. पण फर्मवेअर आणि ड्राइव्हच्या व्हॅलिडेशनचं, म्हणजे कसून तपासणीचं काम मुख्यतः बंगळूरला आहे, तर स्टोरेज आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं पुण्यातही आहे. मुलीला लांब पाठवायची तयारी घरात आतापासून ठेवा, नोकरी लागल्यावर वाद नको.

आणि हा धंदा केळीच्या भावासारखा वर-खाली होतो, हे तुम्हाला वेगळं समजवायला नको. २०२३ मध्ये मेमरीची मागणी कोसळली, कंपन्यांनी उत्पादन आणि माणसं दोन्ही कमी केली. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरमुळे भाव पुन्हा चढले. म्हणून फक्त फ्लॅश येणं पुरेसं नाही. लिनक्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग आणि सी-पायथन पक्कं असेल तर मंदीत ती दुसरीकडे वळू शकते. हार्ड डिस्क आणि टेपही अजून जोरात आहेत. प्रचंड आणि क्वचित लागणारा डेटा आजही त्यांच्यावरच स्वस्तात राहतो, तेव्हा ‘सगळं फ्लॅशच होणार’ असं सांगणाऱ्यावरही विसंबू नये.

त्या ८० हजारांतले थोडे पैसे खर्चायचे तर एक स्वस्तातली एसएसडी घेऊन द्या, जिच्यातला डेटा गेला तरी चालेल. लिनक्सवर एफआयओ नावाचं ड्राइव्हचा वेग मोजणारं मोफत साधन चालवून तिने सलग काही तास लिहीत राहावं आणि वेग कधी, किती पडतो याचा आलेख काढावा. सुरुवातीला वेग झकास दिसेल, वेगाने लिहिण्यासाठी राखलेली कॅशची जागा भरली की धाडकन खाली येईल. तसं का झालं, हे तिने स्वतःच्या शब्दांत चार पानांत लिहावं. सोबत स्मार्टसीटीएल या साधनाने ड्राइव्हची झीज आधी आणि नंतर नोंदवावी. मुलाखत घेणाऱ्या इंजिनिअरला क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा ही चार पानं जास्त सांगतील. शेवटच्या वर्षाला एम्बेडेड सिस्टिमचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा ऐच्छिक विषय असेल तर तोच घ्यायला सांगा, आणि प्रोजेक्टही याच दिशेचा.

क्लासवाले पुन्हा फोन करतील. नोकरीची हमी स्टॅम्प पेपरवर, कंपनीचं नाव आणि पगारासकट लिहून मागा, आणि गेल्या वर्षी नोकरीला लागलेल्या दोन मुलांशी बोलणं करून द्या म्हणा. पोरीची चार पानं तयार झाली की मला पाठवा, मी वाचून तिच्याशीच थेट बोलेन.