‘हायली सॅड’ का खटकतं?

नाशिकहून रोज पिंपळगाव बसवंतला जाऊन द्राक्ष निर्यातीच्या एका कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. गारपिटीनंतर युरोपातल्या ग्राहकाला लिहिलेल्या मेलमध्ये त्यांनी ‘अवर ग्रोअर्स आर हायली सॅड’ असं लिहिलं. साहेबांनी ‘हायली’ खोडून तिथे ‘डीपली’ घातलं, पण कारण सांगितलं नाही. मग भावनेचा शब्द आला की ‘डीपली’च लावायचं का, ‘व्हेरी’ लावलं तर बिघडतं का, आणि याला काही नियम आहे का, असं त्या विचारतात.

ताई, ‘व्हेरी सॅड’ लिहिलं असतं तर काही चुकलं नसतं. व्यवहाराच्या पत्रात ते जरा शाळकरी वाटतं, इतकंच. ‘हायली’ मात्र खटकतं, कारण त्या शब्दाची ऊठबस वेगळ्या मंडळींत आहे: शक्यता, दर्जा, पात्रता. हायली लाइकली, हायली रेकमेंडेड, हायली क्वालिफाइड. भावनांकडे तो अगदीच फिरकत नाही असं नाही, ‘हायली अम्यूज्ड’ म्हणतात. पण सॅड, हॅपी, अँग्री यांच्याशी त्याचं जमत नाही.

अशा ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात. हॅरल्ड पामर हे इंग्रज अध्यापक टोकियोत इंग्रजीच्या अध्यापनावर काम करत होते, त्यांनी १९३३ मध्ये या जोड्यांवर एक मोठा अहवालच काढला. तुमची अडचण किती जुनी आणि किती जणांची आहे ते यावरून कळेल. पुढे जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये म्हटलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून.

आपल्याकडेही हेच चालतं, फक्त ते आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. निराशा घोर असते, अपमान घोर असतो, अन्यायही घोर असतो. घोर आनंद कुणाला झालाय? प्रेम निस्सीम, भक्ती निस्सीम, पण निस्सीम राग नाही. क्रियापदांचंही तसंच: राग येतो, लाज वाटते, दुःख होतं. ‘मला भीती आली’ असं नाशिकचं तीन वर्षांचं पोरही म्हणत नाही.

आपल्या ‘घोर’च्या सगळ्यात जवळ जाणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘बिटरली’. आशा लावून बसलो आणि ती मोडली, तर ‘बिटरली डिसअपॉइंटेड’. पश्चात्ताप झाला तर ‘बिटरली रिग्रेट’. ओक्साबोक्शी रडणं म्हणजे ‘क्राय बिटरली’. ‘डीपली डिसअपॉइंटेड’ही बरोबरच आहे, पण दोन्हींची चव वेगळी. ‘बिटरली’मध्ये जखम ओली असते. ‘डीपली’ गंभीर आणि संयत, म्हणून औपचारिक पत्रात तो शोभतो: डीपली ग्रेटफुल, डीपली हर्ट, डीपली अशेम्ड, डीपली मूव्ह्ड. साहेबांनी योग्य शब्द निवडला. मी असतो तर पुढचा ‘सॅड’ही बदलून ‘डीपली सॅडन्ड’ केलं असतं, शोकाच्या औपचारिक मजकुरात तेच जास्त रुळलेलं आहे. पण म्हणून ‘डीपली’ सरसकट लावू नका. ‘डीपली एक्सायटेड’ कानाला बरं लागत नाही. तिथे ‘रिअली’ किंवा ‘टेरिबली’. हो, ‘टेरिबली’सुद्धा! त्यातली भीती केव्हाच ओसरली, आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तसंच.

नियम विचारलात, तर एक मात्र खरोखर उपयोगी पडेल असा आहे. काही शब्दांत भावना आधीच टोकाला पोचलेली असते: फ्युरिअस, टेरिफाइड, डिलाइटेड, डेव्हस्टेटेड. यांना ‘व्हेरी’ सहसा लावत नाहीत, कारण ‘खूप’ आत भरलेलंच असतं. त्यांना ‘ॲब्सोल्युटली’ चालतं. म्हणजे व्हेरी अँग्री, पण ॲब्सोल्युटली फ्युरिअस. तुमच्या मेलसाठी तर ‘डेव्हस्टेटेड’ हा शब्द फार चपखल होता. गारांनी काढणीला आलेली बाग झोपवली तर ती बाग डेव्हस्टेटेड आणि बांधावर उभा राहून ते पाहणारा बागायतदारही डेव्हस्टेटेड. मराठीत ‘उद्ध्वस्त’ अगदी तसाच, बागेलाही आणि माणसालाही.

बाकीच्या जोड्या एकेक करून जिभेवर चढवाव्या लागतात. आपल्याला रडू कोसळतं आणि हसू फुटतं, इंग्रजीत दोन्हींना ‘बर्स्ट’. पण ‘बर्स्ट इंटू टिअर्स’ आणि ‘बर्स्ट आउट लाफिंग’. ‘इंटू’च्या पुढे नाम, ‘आउट’च्या पुढे ‘इंग’वालं रूप. तोल सुटला तर ‘लूज युवर टेम्पर’. वहीत शब्द सुटा लिहू नका, जोडी लिहा. शक्य तर अख्खं वाक्य.

आणि शेवटी तुम्ही न विचारलेलं एक, कारण नाशिकच्या कार्यालयांतल्या मेलमध्ये ते मला सतत दिसतं: ‘ही इज अँग्री ऑन मी’. आपण ‘माझ्यावर’ रागावतो, त्या ‘वर’चा ‘ऑन’ झालेला आहे. इंग्रजीत माणसावरचा राग ‘अँग्री विथ मी’ किंवा ‘अँग्री ॲट मी’, आणि गोष्टीबद्दलचा राग ‘अँग्री अबाउट द डिले’. ग्राहक माल उशिरा पोचल्याने चिडला असेल तर ‘विथ अस’ आणि ‘अबाउट द डिले’ दोन्ही एकाच वाक्यात बसतात. ‘ऑन’ यांपैकी कुठेच नाही.