सिंहस्थाआधी एवढं कर

नाशिकच्या सिंहस्थाचे कॅमेरे आणि कंट्रोल रूम सांभाळणारी टीम तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. पहिले पंधरा दिवस नवं काही मागू नकोस. रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये बस आणि कोणाचा पासवर्ड कोण वापरतं ते बघ. एका लॉगिनवर चार जण काम करत असतील तर आधी ते थांबव. गडबड झाली की लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या संगणकातल्या नोंदीत, एकच नाव दिसतं आणि निर्दोष माणूस अडकतो. मी हे पाहिलंय, अजून सलतं.

सर्ट-इन, म्हणजे सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था, तिचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश पाठच कर. सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची, लॉग 180 दिवस जपायचे, यंत्रणांची घड्याळं एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) किंवा एनपीएल (देशाची प्रमाणवेळ राखणारी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची. घड्याळाचं लोकांना किरकोळ वाटतं. पण रामकुंडावरच्या दोन कॅमेऱ्यांत तीन मिनिटांचा फरक असेल, तर 2027 च्या गर्दीत हरवलेलं मूल कुठल्या दिशेला गेलं हे कसं सांगणार?

कंत्राटी ऑपरेटर सोडून गेला की खातं त्याच दिवशी बंद. बॅकअप आहे म्हणाले, तर रिस्टोअर करून दाखवायला लाव. साहेबांचा तोंडी आदेश टिपणीवर घे. आणि पोरांच्या सुट्ट्या अडवू नकोस, जागरणाने थकलेल्या माणसाकडूनच चुकीची केबल निघते. अडलं तर रात्रीही फोन कर.