जुनी टर्बो, नवा एक्झॉस्ट आणि हातात आलेला बोनस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे 1989 ची पोर्श 944 टर्बो आहे. आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या बचतीतून घेतली, कर्ज नाही. शनिवार-रविवारी फिरते. आता तुम्हाला टर्बोपासून (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंप) थेट मागच्या टोकापर्यंतचा स्टेनलेस स्टीलचा पूर्ण एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, बसवायचाय, सोबत इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी चिप. बोनस हातात आलाय. दुकानदार 12 बिनव्याजी हप्ते द्यायला तयार आहे, रोख दिले तर 8 टक्के सूट. गाडीची किंमत वाढेल आणि पॉवरही वाढेल, असं तुमचं गणित. शेवटी विचारलंय, ‘हा खर्च म्हणायचा की गुंतवणूक?’

खर्च. याबद्दल मला शंका नाही. पण हौसेचा खर्च म्हणजे वाईट खर्च असं मी कधीच म्हणत नाही, तेव्हा पुढचं वाचा.

तुम्ही सगळे आकडे दिलेत त्याबद्दल आभार. निम्मे लोक नेमका शिल्लक रकमेचा आकडा गाळतात. सोयीसाठी मी सगळं एकाच मापात घेतो: तुमच्या घराचा एक महिन्याचा खर्च म्हणजे एक माप. गाडी घेतली 12 मापांत. एक्झॉस्ट, चिप आणि बसवणूक मिळून 2 मापं, म्हणजे गाडीच्या किमतीचा सहावा हिस्सा. बोनस अडीच मापं. बँकेत अडीअडचणीसाठी 2 मापं. आणि पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून लिहावं तसं, एक वाक्य: टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) सात वर्षांपूर्वी बदललेला आहे, पण त्यानंतर गाडी फक्त 14,000 किलोमीटर चालली आहे, गॅरेजवाला बदलायला सांगतोय, सगळं मिळून 1 माप म्हणतोय, ते पुढच्या वर्षी बघू.

माझ्या दृष्टीने तुमचं अख्खं पत्र त्या एका वाक्यात आहे.

944 चं इंजिन ज्या जातीचं आहे, त्यात टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट रबराचा असतो. तो किलोमीटरने झिजतो तसा नुसत्या वयानेही कडक होतो, त्याला चिरा पडतात. गाडी कमी चालली हे त्याच्या बाजूने फारसं बोलत नाही. शिवाय या इंजिनात थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा वेगळा बेल्ट आहे, बेल्ट ज्यावरून फिरतात ते रोलर आहेत, आणि पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. म्हणून जाणकार मेकॅनिक हे सगळं एकदमच करतो. तुमच्या गॅरेजवाल्याने सांगितलेलं 1 माप त्यामुळे मला अवाजवी वाटत नाही. हेड उतरवून दुरुस्ती करायची झाली तर किती येईल, हे त्यालाच विचारा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. मग एक्झॉस्टच्या जाहिरातीशेजारी तो कागद ठेवा.

आता पॉवरचं. विक्रेत्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. टर्बोच्या इंजिनात टर्बाइनच्या (टर्बोतल्या, धुराने फिरणाऱ्या पंख्याच्या) पुढे वाट जितकी मोकळी, तितका टर्बाइनच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक वाढतो, आणि टर्बो लवकर वेग घेतो. साध्या इंजिनापेक्षा टर्बोला मोकळ्या एक्झॉस्टचा फायदा जास्त, हे खरंच. पण तो फायदा कुठे मिळतो ते बघा. टर्बोला लागून असलेला डाउनपाइप आणि धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इथे अडथळा जास्त असतो. मागचा सायलेन्सर बदलल्याने आवाज बदलतो, पॉवर थोडीशीच. आणि जिथे खरा फायदा आहे, तिथेच खर्चाची शेपटी लांबते. वाट मोकळी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, ठरल्यापेक्षा वर चढू शकतो. तुमच्या गाडीत इंजिनाचा एक कॉम्प्युटर आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) व बूस्टवर नजर ठेवणारा दुसरा, अशी जोडी आहे. बूस्ट मर्यादेबाहेर गेला तर ती इंजिनाला लगाम घालते. मग चिप आली. चिप आली की इंधनाचं मिश्रण तपासायला डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी न्यावी लागते. तिथे कळतं की पस्तीस वर्षांपूर्वीचा इंधन पंप किंवा इंजेक्टर थकलेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. बहुतेक देशांत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून तो काढणं बेकायदा आहे, आणि प्रदूषण चाचणीत गाडी अडकली की तुम्ही तो परत बसवणार, म्हणजे मजुरी दोनदा. तो विषय इथेच सोडून देऊ.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात मला खटकली. तुम्ही लिहिता, गाडी 3500 आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खाली ‘मेल्यासारखी’ वाटते. 944 टर्बो खालच्या आरपीएमला आळशीच, हे मान्य. तुमच्या वर्षीच्या मॉडेलचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 350 न्यूटन मीटर, 4000 आरपीएमला येतो. पण ‘मेल्यासारखी’ हा शब्द मला आळसापेक्षा गळतीचा वाटतो. इतक्या जुन्या टर्बोत बूस्टचे रबरी होज भेगाळलेले असतात, क्लॅम्प सैल असतात, वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून जास्तीचा धूर सोडणारी झडप) नीट बंद होत नाही. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटते. हवेचा दाब देऊन ही गळती शोधता येते, काम तास-दोन तासांचं, आणि खर्च एक्झॉस्टच्या तुलनेत चिल्लर. कारखान्यातून निघताना ही गाडी 250 अश्वशक्तीची होती. त्यातली किती अजून चाकांपर्यंत पोहोचते हे बघितल्याशिवाय नवी विकत घ्यायला निघालात, तर भोकाच्या घागरीला चांदीचं झाकण केल्यासारखं होईल.

बसवणुकीचा जो आकडा तुम्हाला दिलाय, त्यावर माझा विश्वास नाही. अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडेही एक जुनी टर्बो होती, तुमच्याइतकी देखणी नव्हती. डाउनपाइप बदलायला दिली. काम ‘अर्ध्या दिवसाचं’. मी हौसेने गॅरेजात थांबलो होतो. पहिले दोन नट निघाले. तिसऱ्याला मेकॅनिकने पाना लावला, जरा जोर दिला, आणि टक् असा छोटासा आवाज आला. तो काही बोलला नाही. पाना खाली ठेवला, हात पुसले, टॉर्च घेऊन वाकून बघत राहिला. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आटे पाडलेला खिळा, आतच तुटला होता. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन लोखंड आणि गंज एकजीव झालेले. तो स्टड ड्रिल करून काढायला टर्बो उतरवावा लागला, टर्बो उतरवल्यावर तेलाच्या नळ्या बदलाव्या लागल्या, आणि ‘आता उघडलंच आहे तर’ हे वाक्य मी त्या आठवड्यात चार वेळा ऐकलं. जुन्या गाडीच्या मालकाला या वाक्याइतकं महागात दुसरं कुठलंच वाक्य पडत नसेल. बिल झालं ठरल्याच्या जवळपास दुप्पट. तुम्ही निदान चौथाई रक्कम तरी वर धरा. म्हणजे 2 मापांची अडीच झाली. म्हणजे अख्खा बोनस.

हप्त्यांकडे येऊ. रोख दिले तर 8 टक्के सूट, हप्त्याने घेतलं तर सूट नाही, याचा अर्थ त्या वस्तूची खरी किंमत 92 आहे आणि तुम्ही महिन्याला 8.33 असे बारा वेळा भरून 100 देणार. बरेच जण इथे 8 टक्के व्याज समजतात. पण पैसे वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला परत जात असतात. हिशेब केला तर व्याज महिन्याला सुमारे 1.3 टक्के पडतं, वर्षाचं पंधरा-सोळा टक्के. ‘बिनव्याजी’ शब्दाचा अर्थ एवढाच, की व्याज वेगळ्या ओळीत लिहिलेलं नाही.

किंमत वाढण्याचं तर विसराच. 944 टर्बो 1985 ते 1991 एवढीच बनली, आणि अशा गाडीसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस मूळ भाग शोधत येतो: मूळ एक्झॉस्ट, मूळ चिप, कामांच्या पावत्यांची फाइल. बदललेली गाडी त्याला आवडेल, पण तो त्याचे पैसे देणार नाही. उलट आधीच्या मालकाने इंजिन किती पिळलं असेल, या शंकेने भाव पाडेल. ताज्या बेल्टची पावती मात्र तो आधी मागेल. म्हणजे गंमत बघा, ज्याला तुम्ही कंटाळवाणा खर्च म्हणताय तोच विकताना थोडाफार परत येतो.

विमा कंपनीला बदल लेखी कळवल्याशिवाय काहीही बसवू नका. न कळवलेला बदल हे क्लेम अडवण्याचं आयतं निमित्त असतं. तुमची पॉलिसी आधी ठरवलेल्या मूल्याची असेल तर नवा भाग त्या मूल्यात धरलाय का, हेही विचारा. नसेल तर चोरी-अपघातात तो तुमच्या खिशातून गेला.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. बोनसमधलं 1 माप उद्याच बेल्ट, पंप, रोलर आणि गळतीच्या तपासणीला. उरलेली दीड मापं बँकेत, म्हणजे अडीअडचणीचा साठा साडेतीन महिन्यांचा. पस्तीस वर्षांची टर्बो बाळगणाऱ्याने दोन महिन्यांच्या शिलकीवर झोपू नये. तुम्ही म्हणता, दरमहा हप्ता भरायला जड नाही. उत्तम. हप्ता होता मापाचा सहावा हिस्सा. तेवढीच रक्कम दरमहा स्वतःच्याच खात्यात वळवा. पहिले तीन महिने ती साठ्यात जाऊ द्या, साठा चार महिन्यांचा होईल. त्यानंतरचे पैसे गाडीचे, त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द विचारणार नाही.

तुम्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग तेवढा बदलायचं कोटेशनही जोडलंय: पाऊण माप. तुम्हाला नक्की काय हवंय, हे मला तुमच्या पत्रातून कळलं असं वाटतं. ‘आवाज’ हा शब्द तुम्ही सहा वेळा लिहिलाय, ‘पॉवर’ दोनदा. मग आवाजच घ्या. मागच्या भागाला साधारणपणे चिप लागत नाही, गरम टर्बोजवळचे स्टड छेडावे लागत नाहीत, प्रदूषणाचा प्रश्न येत नाही, आणि नको झालं तर एका दुपारी मूळचं परत बसतं. साठा भरल्यावर पाच महिन्यांत पैसे जमतील, म्हणजे आजपासून आठ महिन्यांनी, रोखीने, सवलतीसकट. पूर्ण सेटच हवा असेल तर साठ्यानंतर, सवलत धरून, साधारण अकरा महिने लागतील, आणि तुटलेल्या स्टडसाठी वरचे तीन धरा.

घेण्याआधी तोच सेट बसवलेल्या एखाद्या 944 मध्ये तासभर बसून या. दुकानाबाहेर अॅक्सिलरेटर दाबून ऐकलेला आवाज वेगळा, आणि हायवेवर एकाच वेगाने जाताना कानात भरून राहणारी घुमघुम वेगळी. ती दुसऱ्या तासाला डोकं उठवते. या घुमघुमीपायी महागडा सेट वर्षाच्या आत अर्ध्या किमतीत विकायला काढणारे मी पाहिलेत. तुम्हीही आधी तसा वापरलेला सेट शोधा. स्टेनलेस स्टील चांगल्या प्रतीचं असेल तर नुसतं पिवळं-निळं पडतं, गंजून फाटत नाही.

सूट या महिनाअखेरीस संपतेय म्हणून घाई होतेय, असं लिहिलंय. अशा सवलती पुन्हा येतात. न आली तर पाऊण मापावर 8 टक्के म्हणजे घरखर्चाचे दोन दिवसही नाहीत.

आणि काढलेला जुना सायलेन्सर गॅरेजवाल्याला ‘घेऊन टाक’ म्हणून देऊ नका. त्याचे नट-क्लॅम्प एका डब्यात, त्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा. सायलेन्सरवर तेलाचा हात, कोरड्या जागी माळ्यावर. गाडी विकाल त्या दिवशी तो सोबत द्यायचाय.